द्वारकाबाईची थुंकी

द्वारकाबाईला मी तेवीस वर्षं ओळखते आणि तेवीस वर्षं आमचं पटत नाही. छावणीत माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहते. नळावरून, कचऱ्यावरून, माझ्या मांजरीवरून आमची भांडणं झाली आणि त्यातलं एकही मिटलेलं नाही. तेव्हा हे मी मायेपोटी लिहितेय असं कुणी समजू नये. तिच्या घरात जे झालं त्यात माझा हात होता, आणि ज्या कागदामुळं झालं तो कागद आता शहरात आणखी घरांत शिरायला लागलाय, म्हणून लिहितेय.

आधी तिचं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाळूजला एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर रिकाम्या बाटल्यांचं एक गोदाम आहे. जिल्हाभरातले भंगारवाले गोण्या भरून बिअरच्या बाटल्या तिथं आणून टाकतात. त्या निवडायच्या, धुवायच्या आणि पुन्हा भरायला कारखान्यात पाठवायच्या. रंग, माप, तोंडाला गेलेला टवका, हे कुणीही बघेल. अवघड काम पुढचं. आपल्याकडं रिकामी बाटली रिकामी राहत नाही. तिच्यात कुणी रॉकेल भरतं, कुणी फिनेल, कुणी थिनर. असली बाटली दहादा धुतली तरी वास सोडत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन तिला पास किंवा बाद करणारी बाई लागते. बावीस वर्षं ती बाई द्वारका आहे. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. बाटली उचलायची, हुंगायची, क्रेटमध्ये किंवा मागच्या ढिगात. चेहरा हलत नाही. बाकीच्या बायकांचं नाक तासाभरात मरतं. हिचं थकलं की ती स्वतःचा पदर नाकाशी धरते, दोन श्वास घेते आणि परत सुरू.

संध्याकाळी नगरनाक्यावर रिक्षातून उतरते तेव्हा अंगाला शिळ्या बिअरचा भपका असतो. नाक्यावरच्या बायका पदर ओढून घेतात. या बाईनं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही.

लावला तो नवऱ्यानं. सांडू त्याचं नाव. चिकलठाण्याला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. माणूस चांगला होता, हे द्वारका कबूल करत नाही म्हणून मी लिहून ठेवते. माझ्या दाराची कडी त्यानं बसवली ती अजून ढिली पडलेली नाही. २००२ साली प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कारखान्यानं आधी गेटवर बसवलं, मग घरी बसवलं. हात ठणकायचा. सोबतचे म्हणाले, घोटभर घे, झोप लागेल. लागली झोप. सात वर्षांनी डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि घाटीच्या सरकारी दवाखान्यात वारला. पोटी एकच पोरगा, इंद्रजीत. तेव्हा अकरा वर्षांचा.

तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी द्वारका माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

"ताई, एक इचारू? बापाचं पोरात येतं का?"

"येतं ना. बरंच काही येतं."

"दारू?"

"तीही येऊ शकते," मी म्हटलं. मान वर केली नाही.

ती गेली. हाच विषय मी वर्गात चार तास शिकवायची. येऊ शकते म्हणजे येतेच असं नव्हे, किती येते, कशाबरोबर येते, बाकीचं काय काय लागतं. पोरांना चार तास आणि हिला एक वाक्य. शिकलेल्या बाईचं वाक्य न शिकलेल्या बाईकडं जाऊन काय होतं, याचा हिशेब आम्ही शिकलेल्यांनी कधी ठेवलेला नाही.

त्या संध्याकाळपासून ती पोराचं तोंड हुंगायला लागली.

मी अतिशयोक्ती करत नाही. माझी स्वयंपाकघराची खिडकी तिच्या दारावर उघडते. इंद्रजीत शाळेतून आला की उंबऱ्याबाहेर थांबायचा. ती यायची. "तोंड उघड." तो उघडायचा, ती नाक नेऊन श्वास घ्यायची, मग बाजूला व्हायची आणि तो आत. आयटीआयला गेला तरी तेच. नोकरीला लागला तरी तेच. गणपतीत, कुणाच्या हळदीत, मित्राच्या वाढदिवसाला, कुठूनही आला तरी पास झाल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा नगरनाक्यावर पोलिसांनी मोटारसायकल अडवून फुंकायचं मशीन पुढं केलं तर हा सवयीनं तोंड वासून उभा राहिला. हवालदार म्हणाला, "अबे, फूंक मार, दात नको दाखवू." हे त्यानंच मला हसत सांगितलं. हसणं नीट जमलं नव्हतं.

मी द्वारकाला एकदा म्हटलं, "मिशा फुटल्या त्याला. पुरे कर आता."

"तुमचा नवरा पीत नव्हता," ती म्हणाली. "तुमी गप बसा."

बसले.

आता इंद्रजीत सत्तावीसचा आहे. वाळूजला सीएनसी मशीन सेट करतो, चार माणसं हाताखाली. कमी बोलतो. प्यायला का कधी? मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकारही नाही.

गेल्या दिवाळीनंतर चिकलठाण्याचं स्थळ आलं. मुलगी श्रेया, औषधाच्या दुकानात काम करते, नजर न चुकवता बोलते. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, महिनाभर फोन झाले. द्वारकाला मी त्या महिन्यात पहिल्यांदा नवीन पातेली घेताना पाहिलं. तिचं एकच म्हणणं होतं: या पोराला उद्या कुणी सांडूचा पोरगा म्हणू नये. चांगल्या घरची पोरगी घरात आली की ते नाव पुसलं जाईल. याच एका गोष्टीसाठी ती सोळा वर्षं तोंड हुंगत आली होती.

श्रेयाचा बाप पुंजाराम. थोडी शेती राखून आहे, आवाज खणखणीत. त्याची थोरली मुलगी सरिता चार वर्षांपूर्वी सासरहून परत आली. नवऱ्यानं पिऊन तिचा हात कोपरातून मोडला होता. तो हात आजही पुरता सरळ होत नाही. त्यामुळं पुंजारामनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "पोरगा पितो का?"

"नाय," द्वारका म्हणाली.

"सरिताच्या येळंला बी सगळे नायच म्हणले व्हते. अन् ह्याचा बाप तर पिऊनच गेला म्हणं."

मग त्यानं आपल्या भाच्याला पुढं केलं.

भाचा विश्वजीत. जालना रोडवर रक्त-लघवी गोळा करायचं सेंटर चालवतो. कुठल्याशा कंपनीची एजन्सी घेतली होती. थुंकी द्यायची, तीन आठवड्यांत कागद येतो, माणसाला दारूचं व्यसन लागायचा धोका किती ते त्यात लिहिलेलं. हा मुलगा त्याला 'जीन-पत्रिका' म्हणतो. लग्नाच्या बाजारात खपेल असं नाव शोधलेलं.

द्वारकानं त्याला माझ्याकडं आणलं. मी शिकलेली ना. तो खुर्चीवर बसला, लॅपटॉप उघडला.

"मॅडम, हे ॲस्ट्रॉलॉजी नाही हां. पॉलिजेनिक रिस्क स्कोअर. प्युअर सायन्स."

"म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"म्हणजे जीन्स बघतात."

माहीत नव्हतं. मीच त्याला सांगितलं. माणसामाणसांच्या जनुकांत हजारो जागी बारीक बारीक फरक असतात. त्यातल्या प्रत्येक फरकाला चिमूटभर वजन द्यायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेनं माणसांना रांगेत उभं करायचं. बस.

"एक्झॅक्टली मॅडम. तेच."

"आणि ही वजनं ठरवली कुणाच्या जनुकांवरून?"

"लाखो लोकांच्या."

"कुठल्या?"

"इंटरनॅशनल डेटा आहे."

इथं मी त्याला उठवून लावायला हवं होतं. लावलं नाही. आमच्या घरातल्या पत्रिका माझ्या वडिलांनी छप्पन साली, धर्म बदलला त्या वर्षी चुलीत घातल्या. त्यानंतर आमच्याकडं कुणी गुण जुळवले नाहीत आणि याचा मला जन्मभर ताठा. पण हा कागद ग्रहांचा नव्हता, माझ्या विषयाचा होता. मला वाटलं, बरं आहे, लोक राहू-केतू सोडून निदान जनुकांकडं तरी आले. मी म्हटलं, "करू द्या. काय बिघडतंय."

द्वारकानं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याला उगाच कोडं नको. विश्वजीतनं डबी दिली, तिच्यात दोन नळ्या होत्या. पहिली बिघडली तर दुसरी. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं. इंद्रजीतनं पहाटे पहिल्या पाळीला निघण्याआधी नळी भरली, वर नाव लिहिलं, खिडकीत ठेवली आणि गेला. द्वारका त्या नळीसमोर बसली. तिच्या डोक्यात माझं सोळा वर्षांपूर्वीचं वाक्य होतं. बापाचं येतं. मग ते या नळीत असणारच. त्याच्या तोंडाला वास नाही हे तिला रोज कळत होतं, पण ही कंपनी तोंड हुंगणार नव्हती, रक्त हुंगणार होती. आणि सांडूचं रक्त बाद बाटलीसारखं, कितीही धुवा.

तिनं ती नळी मोरीत रिकामी केली. दुसरी घेतली. तोंडाला कोरड पडलेली, थुंकी येईना. मग समोर चिंचेचा गोळा ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसली. तासाभरानं नळी रेघेपर्यंत भरली. वर पोराचं नाव चिकटवलं. जिनं थेंब घेतला नाही त्या बाईची थुंकी, हिच्याहून स्वच्छ काय असणार? आयुष्यभर बाटल्या पास-बाद केलेल्या बाईनं एक खात्रीची पास बाटली पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी कागद आला. वाचायला सगळ्यांनी पुंजारामच्या घरी जमायचं ठरलं. कागद बरा निघाला तर तिथंच सुपारी फोडायची म्हणून ताट झाकून ठेवलेलं होतं. मलाही नेलं. द्वारका नवं लुगडं नेसली होती, डोक्याला तेल, कपाळ घासून पुसलेलं. आता बिअरचा वास येत नव्हता, साबणाचा येत होता. रिक्षात ती इतकी निवांत होती की मला नवल वाटलं.

विश्वजीतनं रंगीत कागदांची चळत काढली. पहिल्या पानावर अर्धा गोल, घड्याळासारखा, हिरव्यापासून लालपर्यंत. काटा लालात.

"हाय रिस्क," तो म्हणाला. "नाइन्टी थ्री पर्सेंटाइल."

"मराठीत सांग," पुंजाराम म्हणाला.

"त्र्याण्णव, मामा."

"शंभरात?"

"शंभरात."

सरिता भिंतीशी बसली होती, ती उठून उभी राहिली. श्रेयानं इंद्रजीतकडं पाहिलं. इंद्रजीतला काय करावं कळेना. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्याच्या उंबऱ्याची आठवण झाली.

मी म्हटलं, "पुंजाराम, घाई करू नका. तुमच्या श्रेयाला सीईटीला पर्सेंटाइल मिळाला असेल. सीईटीचा त्र्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे त्र्याण्णव मार्क नव्हेत. शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्र्याण्णव त्याच्या मागं. एवढंच. रांगेत पुढं आहे म्हणजे दुकानात शिरला असं नाही."

"पुढं उभा हाय त्यालाच ॲडमिशन मिळती ना मॅडम," पुंजाराम म्हणाला.

कॉलेजात तीस वर्षं मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही मिळत. रांगेत पुढं असलेल्यांतलेही बरेच कधी पीत नाहीत. आणि मागच्यांतले पितात."

"बरेच म्हंजी किती? माझ्या पोरीचा हात बघितला का तुमी? ती एकच हाय. मला बरेच नकोत." तो विश्वजीतकडं वळला. "सांडूचंच रक्त हाय ते. म्या तवाच म्हणलो व्हतो."

मी कागद ओढून घेतला. सगळे आपापसांत बोलत होते तेवढ्यात पानं उलटली. माणसांना कागदाचं पहिलं पान दाखवतात, खरं शेवटच्या पानावर असतं, हे मला माहीत आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: हे मोजमाप मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार केलं आहे, इतरांना लागू करताना अचूकता कमी असू शकते. म्हणजे त्या लाखोंत चिकलठाण्याचा कुणी नव्हता. त्याखाली: हे निदान नाही. आणि त्याच पानाच्या तळाला एक चौकट, करड्या रंगात: नोंदीतील लिंग पुरुष, नमुन्यातील लिंग स्त्री, कृपया तपासावे.

मी दोनदा वाचलं. मग वर पाहिलं. द्वारका पदर नाकाशी धरून बसली होती, काम करताना धरते तसा.

तेव्हा मला कळलं.

मी कागद मिटला. खोटं बोलायचं ठरवलं आणि ते मला जड गेलं नाही. म्हटलं, "विश्वजीत, हा कागद रद्दीत टाक. तुमच्या लॅबनं नमुने बदललेत. हे बाईचं आहे."

तो झुकून बघायला लागला. "अरे हां. क्लेरिकल एरर असेल मॅडम. स्कोअरवर फरक नाही पडत त्यानं."

"गाढवा, दुसऱ्याच माणसाचा कागद आहे. फरक नाही पडत?"

"लॅबची चूक नाय," द्वारका म्हणाली.

ती कुणाकडं बघत नव्हती.

"त्याच्या बापाला काय बोलायचं ते बोला. त्याला बोलू नका. ती थुंकी त्याची नाय. माझी हाय."

तिला वाटत होतं, आपण पोराला सोडवलं. तो त्र्याण्णव त्याचा नाही. झालं, मोकळा. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. पुंजारामला समजायला क्षण लागला. मग तो ओरडला नाही, उलट आवाज खाली आणला.

"म्हंजी फसवायला निगाला व्हता तुमी."

"व्हय. फसवायलाच."

"का?"

"त्याच्या बापाचं त्याच्यात असंल म्हणून."

"मंग द्वारकाबाई, मला एक सांगा," पुंजाराम म्हणाला. "तुमी त्याची आई. रोज त्याचं तोंड हुंगता, सगळ्या गावाला ठावं हाय. तरी तुमाला तुमच्या पोराचा भरवसा नाय. मग म्या कसा धरू?"

मी त्या माणसाचा राग राग केला होता, अजून करते. पण हे वाक्य मला खोडता आलं नाही. त्या खोलीत जनुकशास्त्रावर बोलायला मी एकटीच लायक होते आणि खरं तो बोलला.

इंद्रजीत आईकडं बघत होता. "माझी कुठं टाकली?" त्यानं विचारलं.

"कंची?"

"माझी थुंकी, आई. भरून ठेवलेली."

"मोरीत," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, एखाद्या कामगारानं मशीनवरचा जॉब कसा बिघडला ते सांगितल्यावर हलवावी तशी.

भिंतीशी उभी असलेली सरिता बोलली. "आबा, माझ्या सासऱ्याच्या गळ्यात माळ व्हती. चुलत्यांच्याबी. त्या घरात सात पिढ्या कुणी पिलं नव्हतं. तुमी तेच बघून दिलं व्हतं मला."

"तू आत जा," पुंजाराम म्हणाला.

"जाते. पण माझ्या नवऱ्याचा कागद काढला असता तर हिरवा आला असता." ती आत गेली. जाताना झाकलेलं ताट उचलून घेऊन गेली.

विश्वजीतला अजून धंदा सुचत होता. "मामा, आपण रिपीट करू ना. इंद्रजीतभाऊंचं फ्रेश सॅम्पल घेऊ, मी अर्जंट लावतो."

पुंजाराम इंद्रजीतकडं वळला. "देतो का? माझ्यासमोर, आत्ता. मंग बघू."

इंद्रजीत उठला. शर्ट नीट केला. "नाय," तो म्हणाला.

"का नाय?" श्रेयानं विचारलं. "त्यात काय हाय? मी आबांना काय सांगू?"

"सांग की मी दिली होती," तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

लग्न मोडलं. दोन-अडीच महिन्यांत श्रेयाचं दुसरीकडं जमल्याचं कानावर आलं. त्या मुलाचा काटा हिरव्यात होता. कागद विश्वजीतनंच काढून दिला. मुलाच्या तोंडात दिवसभर गुटखा असतो म्हणे, पण त्याचा धोका त्या डबीत मोजत नाहीत, वेगळी डबी घ्यावी लागते.

त्या दिवशी परत येताना आम्ही दोघीच रिक्षात होतो. इंद्रजीत पायी कुठं गेला होता कोण जाणे. क्रांती चौक गेल्यावर द्वारका म्हणाली, "ताई, माझ्यात लई निघालं म्हणं."

"कागदात निघालं."

"मग म्या कामून नाय पिले? बावीस वर्सं तोंडाशी बाटली हाय."

त्या सात पानांत याचं उत्तर नव्हतं, माझ्या चार तासांच्या व्याख्यानातही नव्हतं.

"आन् सांडूत किती निघालं असतं?"

"कुणास ठाऊक. कदाचित तुझ्यापेक्षा कमी."

ती हसली की काय केलं मला कळलं नाही, नाकातून वारा सोडल्यासारखं केलं. "म्या त्याच्या रक्ताला लई शिव्या दिल्या, ताई. त्याच्या आईला दिल्या, बापाला दिल्या. बोटाचं कधी ध्यानातच नाय आलं."

तीन बोटं, एक प्रेस, गेटवरची खुर्ची. कुठल्या जनुकाला चिमूटभर वजन देऊन ही बेरीज करणार होते ते लोक? मी म्हटलं, "द्वारका, तेव्हा तू विचारलं होतंस ना, बापाचं येतं का म्हणून. मी तुला अर्धंच सांगितलं. चूक माझी."

"आता सांगून काय उपेग," ती म्हणाली. बरोबर होतं तिचं.

आठवड्यानं विश्वजीत माझ्या दारात आला. कंपनी एक चाचणी फुकट द्यायला तयार आहे, मॅडमनी स्वतःचं सॅम्पल दिलं तर त्यांचा फोटो पत्रकावर टाकता येईल, म्हणाला. निवृत्त प्राध्यापिका, विश्वास बसतो लोकांचा. मी त्याला विचारलं, तुझा स्वतःचा स्कोअर काय? म्हणाला, मी काढलेला नाही. का? म्हणे, गरज नाही पडली. सांडूनं बसवलेली कडी मी त्याच्या तोंडावर लावून घेतली.

इंद्रजीत त्याच महिन्यात गेला. वाळूजला लागून रांजणगावात कारखान्यातल्या दोघांबरोबर खोली घेतली. भांडण झालं नाही. त्यानं आईला एवढंच सांगितलं की पाळीला जवळ पडतं. सामान मोटारसायकलवर दोन खेपांत नेलं. द्वारका कामावर गेली. सुट्टी घेतली नाही. तिच्या गोदामातली बाई मला म्हणाली की त्या दिवशी तिनं फिनेलची एक बाटली पास केली. बावीस वर्षांत पहिली.

आता तो रविवारी येतो. मी खिडकी बंद ठेवायचं ठरवते आणि उघडी राहते. पहिल्या रविवारी तो उंबऱ्याबाहेर थांबला, जुनी सवय. द्वारका दाराशी आली. तो ओठ घट्ट मिटून उभा होता, हात खिशात. हनुवटी वर. हिंमत असेल तर 'तोंड उघड' म्हण, असं ते उभं राहणं. ती कडेला झाली. तो आत जायला निघाला आणि तिच्या खांद्याला घासून गेला तेव्हा मी पाहिलं, तिनं तोंड दुसरीकडं वळवलं होतं, गाल आत गेले होते, गळ्याची शीर ताठ. मला आधी वाटलं रडतेय. रडत नव्हती. श्वास रोखून धरला होता तिनं, तो आत जाऊन बसेपर्यंत. मग सोडला आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

तेव्हापासून दर रविवारी तेच करते.